इडा लुंडची ब्यूक

पेलकोलाच्या रस्त्याला नवखा असलेला माणूस सकाळी समोरून येणारी फिकट निळी वॅगन बघायचा आणि नकळत आपल्या गाडीचा वेग कमी करायचा. त्या वॅगनच्या स्टिअरिंगपाशी कोणी बसलेलं नसायचं. ती संथपणे यायची, रस्त्याच्या कडेला एखाद्या टपालपेटीपाशी थांबायची, पुन्हा चालू लागायची. अगदी जवळ आल्यावर दिसायचं, की शेजारच्या, उजवीकडच्या जागेवर लोकरी टोपी घातलेली एक बाई बसली आहे, तिचा डावा हात लांब होऊन स्टिअरिंगवर टेकला आहे आणि तिचं आपल्याकडे लक्ष नाही.

ती आउने हिएताला. मिशिगनच्या पार उत्तरेला, जिथे वर्षातले पाच महिने जमीन दिसत नाही, तिथे ती सत्तावीस वर्षं टपालाचा बटवडा करत होती. तिची वाट दोन नंबरची: एकाहत्तर मैल, दोनशे अठ्ठ्याऐंशी पेट्या. या वाटेला गाडी आपली आपण आणायची. स्टिअरिंग डावीकडे, पेट्या रस्त्याच्या उजव्या कडेला; मधलं अंतर माणसानं आपल्या अंगानं भरून काढायचं. आउने उजवीकडे बसायची, डावा पाय लांबवून ब्रेक आणि अॅक्सिलरेटर दोन्ही सांभाळायची, आणि उजवा हात खिडकीबाहेर काढून पेटी उघडायची. पेटीच्या अंगाला पत्र्याची एक लाल झेंडी असते. न्यायचं टपाल आत ठेवलं असेल तर घरमालक ती वर करतो. झेंडी वर असली की आउने पत्र उचलायची आणि झेंडी पाडायची. डाव्या बुटाचा तळ वर्षात झिजायचा. तिच्या कपाटात उजव्या पायाचे जवळजवळ कोरे बूट रांगेनं उभे होते.

असं बसायला गाडीची पुढची सीट बाकासारखी सलग लागते, या दारापासून त्या दारापर्यंत. गिअरची दांडीही मधे जमिनीतून वर आलेली चालत नाही, स्टिअरिंगच्याच बाजूला हवी. त्या काळातल्या अमेरिकी गाड्या नेमक्या तशा होत्या. पुढे तीन माणसं मावतील एवढ्या रुंद, आतून दिवाणखान्यासारख्या मऊ, वळणावर होडीसारख्या कलणाऱ्या. शहरातले लोक त्यांना म्हाताऱ्यांच्या गाड्या म्हणत. पेलकोलात दर दुसऱ्या अंगणात त्यांतली एखादी असायचीच: कुणाची टॉरस, कुणाची ल्युमिना, कुणाची सेंच्युरी. आउनेची ओल्ड्समोबिल सिएरा होती, नव्वद सालची. तिच्यावर दोन लाख चौऱ्याऐंशी हजार मैल झाले होते, आणि इंजिन अजून उणे तीसमध्येही पहिल्या हाकेला ओ देत होतं.

आउनेनं लग्न केलं नव्हतं. माणसं तिला नकोशी होती असं नाही. पण दिवसाला पुरेल एवढं बोलणं ती सकाळी साडेनऊपर्यंत पोस्टात उरकून घ्यायची, आणि मग एकाहत्तर मैल कुणी काही विचारत नसे. धुक्यातून एकेक पेटी वर यायची, नाव सांगायची, मागे पडायची. कधी कधी तिला वाटे, आपण जागच्या जागी आहोत आणि रस्ताच आपल्याखालून सरकतो आहे.

दोन हजार सालच्या मार्चमध्ये, एका सोमवारी, गाडीखालची जमीन खरोखरच आतून दिसली.

वर्षातून एकदा पोस्टमास्तरनं बटवड्याची गाडी तपासायची असते. डेल ब्रुसो हा छत्तीस वर्षांचा पोस्टमास्तर हातात तक्ता घेऊन बाहेर आला. दिवे झाले, हॉर्न झाला, वायपर झाले.

"आता ब्रेक," म्हणत तो डावीकडून आत बसला, खालची फळी बाजूला सारली आणि पाय टेकवला. मग त्यानं वाकून खाली पाहिलं.

"आउने," तो म्हणाला, "माझा पाय जमिनीवर आहे."

"मग कुठे हवा?"

"गाडीच्या नाही. पोस्टाच्या जमिनीवर."

"ती फळी उगीच नव्हती ठेवली," आउने म्हणाली. "तूच सरकवलीस."

डेलनं पाय सांभाळून वर काढला. घोट्याभोवती गंजाची तांबडी पूड लागली होती. त्या भागात हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि बर्फाआधी मीठ गाडीचा पत्रा खातं. आर्वो मात्तिला, आउनेचा मावसभाऊ आणि गावातला मेकॅनिक, दर वर्षी खालून ठिगळं जोडायचा. या वर्षी तो म्हणाला होता, "ठिगळ लावायला कापड तरी हवं ना गं."

डेलनं तक्त्यावर फुली मारली. त्याला ते आवडलं नाही, हे दिसत होतं.

"एकतीस तारखेपर्यंत दुसरी गाडी आणा. नाहीतर वाट मला बदलीच्या माणसाला द्यावी लागेल. तुम्हाला मी आत खिडकीवर घेतो. तीस वर्षं पूर्ण व्हायला तीनच उरलीत, आरामात बसा. आत ऊब आहे, कॉफी आहे. लोक येतात, चार गोष्टी बोलतात."

"तेच तर," आउने म्हणाली.

शनिवारी बटवडा संपल्यावर ती चाळीस मैलांवरच्या गावात गाड्या बघायला गेली. विक्रेता तरतरीत होता. त्यानं एकामागून एक दारं उघडली, आणि ती प्रत्येक गाडीत उजवीकडे बसून डावा पाय लांबवून बघत राहिली. प्रत्येक गाडीत दोन सीटांच्या मधे एक खोका होता, त्यात कप ठेवायला दोन खळगे.

"कुटुंबासाठी फार सोयीचं," विक्रेता म्हणाला.

"कपांना जागा आहे," आउने म्हणाली. "माझ्या पायाला नाही."

दोन-तीन गाड्यांची पुढची सीट अजून रुंद होती, पण ती मधोमध दुभंगलेली आणि दुभंगावर उशीचा उंचवटा. शिवाय मागे टपालाचे ट्रे ठेवायला जागा नाही. तिला हवी तशी वॅगन चार वर्षांपूर्वीच बनायची बंद झाली होती. उजव्या स्टिअरिंगची जीप मिळाली असती, पण नाव नोंदवून ऑगस्टपर्यंत थांबावं लागलं असतं. विक्रेत्यानं तिला पंचवार्षिक कॅलेंडर भेट दिलं.

रविवारी पहाटे तिला स्वप्न पडलं. तिच्या वाटेवरच्या एस्थर तळ्याच्या बर्फावर टपालपेट्या रोवलेल्या आहेत, एका ओळीत, या काठापासून त्या काठापर्यंत. ती ओल्ड्समोबिल घेऊन निघाली आहे. गाडीला तळ नाही, आणि पायाखाली काळ्या पाण्यात मासे तिच्या बरोबरीनं चालले आहेत, घाई न करता. पेट्यांवर नावं नव्हती, तरी कुठलं पत्र कुठे टाकायचं ते तिला माहीत होतं. ती जागी झाली तेव्हा डावा पाय पांघरुणाबाहेर लांब झालेला होता.

सोमवारी एक्केचाळिसाव्या पेटीपाशी ती थांबली. ही पेटी एस्थर तळ्याच्या काठावर आहे, आणि तिथून हिवाळाभर तळ्यावरची गाडी दिसते.

पेलकोलाचा रिवाज असा, की नाताळ उलटला की अग्निशमनाचे स्वयंसेवक एक मोडीत काढलेली गाडी बर्फावर नेऊन उभी करतात. इंजिन आणि तेल आधीच काढून घेतात, तळ्याला घाण लागू नये म्हणून. गाडीला एक लोखंडी दोर बांधतात, आणि दोराचं दुसरं टोक काठावरच्या घड्याळाला. वसंतात बर्फ विरघळतं, गाडी खाली जाते, दोर ओढला जातो, घड्याळ थांबतं. लोक तिकीट घेऊन त्यावर आपला अंदाज लिहितात; ज्यानं ती तारीख आणि वेळ जवळात जवळ सांगितली त्याला बक्षीस. उरलेल्या पैशांतून दलासाठी पाण्याचे पाइप. मग ट्रॅक्टर लावून गाडी ओढून काढतात. तिकिटावर एकच नियम छापलेला असतो: एक जानेवारीनंतर गाडीला कोणी हात लावायचा नाही.

त्या वर्षीची गाडी ब्याण्णव सालची ब्यूक सेंच्युरी वॅगन होती, गडद लाल, वाईनच्या रंगाची. ती इडा लुंडची. इडा शाळेत भूगोल शिकवायची. निवृत्त झाल्यावर अॅरिझोनाच्या वाळवंटात जाऊन राहिली, आणि दोन वर्षांपूर्वी एकटीच गाडी चालवत परत आली. जगातल्या सगळ्या नद्या तिला पाठ होत्या, पण इंजिनात तेल घालावं लागतं हे तिच्या लक्षात राहत नसे. मागच्या उन्हाळ्यात इंजिन जाम झालं आणि पानगळीत इडा गेली. भाच्यानं गाडी अग्निशमनवाल्यांना देऊन टाकली.

आउने तीन महिने रोज ती गाडी बघत होती. त्या सकाळी धुकं जमिनीपासून हातभर उचललं गेलं होतं आणि त्याच्या खालून तिरपं ऊन आलं. ब्यूकचा वरचा भाग धुक्यातच होता. दिसत होती फक्त चाकं आणि दारांखालची कड. आउने ती कड बघत राहिली. तिच्यावर ऊन सरळ पडलं होतं. ना भोकं, ना फुगवटे, ना तांबडी पूड. पेलकोलात आठ वर्षांच्या गाडीची अशी कड तिनं कधी पाहिली नव्हती. वाळवंटात मीठ टाकत नाहीत.

एक्केचाळीस नंबरचं वर्तमानपत्र तिच्या मांडीवरच राहिलं. ते तिला पंचेचाळीसपाशी आठवलं, आणि ती मागे फिरली. सत्तावीस वर्षांत ती कधी मागे फिरली नव्हती.

आर्वो एका टॉरसच्या खाली होता. त्याचे फक्त बूट दिसत होते.

"आर्वो, इडाच्या ब्यूकमध्ये माझं इंजिन बसेल?"

बूट स्थिर झाले. मग सबंध आर्वो बाहेर आला.

"अंगानं दोन्ही गाड्या एकच आहेत," तो म्हणाला. "एकीवर ब्यूक लिहिलं, एकीवर ओल्ड्समोबिल. इंजिनाच्या खुंट्यासुद्धा त्याच. तीन दिवसांचं काम." त्यानं हात पुसले. "म्हणजे आपण चुकीची गाडी बर्फावर ठेवली."

"हो."

"आणि मीच तिचं इंजिन काढलं. पत्रा बघितला नाही. इंजिन मेलं की गाडी मेली, असं धरून चाललो." त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. "आपल्याकडे आधी पत्रा मरतो ना. उलटं कधी पाहिलंच नाही."

ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत दर शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून अग्निशमनाच्या हॉलमध्ये मासे तळतात. कॅथलिक नसलेलेही सगळे येतात, कारण दुसरीकडे जायला काही नसतं. चोवीस तारखेला, मासे संपून वेलदोड्याचा गोड पाव आणि कॉफी फिरत असताना, आर्वोनं क्लेट ट्रेगिअरला गाठलं. क्लेट दलाचा कप्तान, तळ्यावरच्या गाडीच्या पैजेचा प्रमुख आणि शाळेत आउनेच्या वर्गातला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीवर चढून सगळ्यांना सांगितलं. ब्यूक बाहेर काढायची, तिच्या जागी आउनेची इंजिन नसलेली ओल्ड्समोबिल ठेवायची. बर्फ अजून तेरा इंच आहे.

"नियम आहे," मागून आवाज आला. तो ओनी केस्तीचा. ओनी खाणीत मोजणीदार होता. आता दर हिवाळ्यात बर्फाची जाडी, वारा आणि गाडीचं वजन वहीत लिहून तारीख काढायचा. आजवर एकदाही जिंकला नव्हता.

"नियम माणसांनी केलाय, ओनी."

"मग माणसांना विचार. मी ब्यूक धरून गणित केलंय. गंजलेली गाडी हलकी. ती दोन दिवस उशिरा जाईल."

"किंवा लवकर," कोणीतरी म्हणालं. "भोकातून पाणी आत येईल."

यावर हॉलमध्ये वीस मिनिटं चर्चा झाली. आउने भिंतीशी, कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून उभी होती. तिची वाट राहणार की जाणार, हा प्रश्न या वेळात कोणी काढला नाही, आणि तिला ते बरं वाटलं.

शेवटी क्लेटनं तोडगा काढला. तिकिटं बहुतेक दोन नंबरच्याच वाटेवर खपली आहेत. प्रत्येक तिकीटवाल्याला उद्या एक कार्ड जाईल. ज्याची हरकत असेल त्यानं कार्डावर 'नाही' लिहून पेटीत ठेवायचं आणि झेंडी वर करायची. सोमवारपर्यंत दहा हरकती आल्या, तर ब्यूक जिथल्या तिथे.

"कार्डाला टपालाचं तिकीट लागेल," डेल म्हणाला. "पेटीत बिनतिकिटाचं काही टाकता येत नाही."

"लावू तिकीट."

"थांबा," ओनी म्हणाला. "म्हणजे जिला गाडी हवी, तीच हरकती गोळा करणार?"

क्लेट खुर्चीवरून खाली उतरला.

"ओनी, आजवर तुझं कुठलं टपाल हरवलंय?"

"एक."

"कुठलं?"

"एकोणऐंशी साली. बियाणांचा कॅटलॉग."

"तुझी पेटी बर्फाच्या नांगरानं पाडली होती," आउने म्हणाली. त्या संध्याकाळी ती एवढंच बोलली. "मी तो दारात ठेवला. तुझ्या कुत्र्यानं खाल्ला. मी त्याला हाकललं तर त्यानं माझा हातमोजाही खाल्ला."

ओनीनं थोडा विचार केला. "हातमोजा सापडला होता," तो म्हणाला.

शनिवारी तिनं कार्डं टाकली. रविवारी ऊन पडलं आणि छपरांवरचं बर्फ घसरून पडण्याचे आवाज गावभर येत राहिले. सोमवारी धुकं एवढं दाट होतं, की पेटी गाडीच्या नाकाशी आल्यावरच दिसायची, आणि पेटीआधी झेंडी. राखाडीतून एक लाल ठिपका उगवायचा, मोठा व्हायचा, आणि तिच्या हाताशी येऊन थांबायचा.

पहिली झेंडी वीजबिलाची निघाली. दुसरी नातवाच्या वाढदिवसाच्या पाकिटाची. तिसऱ्या पेटीत कार्ड होतं: 'नाही. मी चौदा एप्रिल, दुपारी दोन लावलेत, ब्यूकवर.' पुढे बराच वेळ झेंड्या पडलेल्या होत्या. मग एक 'नाही', कारण न देता, आणि हे त्या घरातून जिथे तिनं गेल्या जानेवारीत गुडघाभर बर्फातून औषध दारापर्यंत नेऊन दिलं होतं. एका कार्डावर 'हो' लिहिलं होतं. 'हो' लिहायचं नव्हतं, पण बाईनं लिहिलं होतं, आणि खाली: 'कुत्रा बांधलाय.'

एकशे नव्वदपर्यंत 'नाही' सात झाले. दोनशे वीसपर्यंत नऊ.

ती कार्डं तिनं डावीकडच्या सीटवर, ट्रेच्या काठाला खोचली होती. डेलची तपासणी सोडली तर त्या सीटवर कधी कोणी बसलंच नव्हतं. ती अजून टेबलासारखी सपाट होती आणि ट्रे प्रत्येक वळणावर तिच्यावरून घसरायचा. एरवी आउने वळणाआधी डावा कोपर ट्रेला टेकवायची. गिरणीच्या उजव्या वळणावर ती झेंडी शोधत होती, आणि कोपर टेकवायचा राहिला. ट्रे डाव्या दारावर जाऊन आदळला. एक कार्ड निसटून खाली पडलं, फळीच्या कडेनं भोकात गेलं, आणि दिसेनासं झालं.

तिनं गाडी थांबवली.

धुक्यात कोणी नव्हतं. इंजिन आपल्याशी गुणगुणत होतं. मागच्या काचेतून रस्ता दहा पावलं दिसत होता, त्यापुढे काही नव्हतं. जणू आतापर्यंतची सगळी वाट कोणीतरी गुंडाळून नेली होती. आठ कार्डं सीटवर होती. उरलेल्या पेट्या अडुसष्ट.

ती खाली उतरली आणि चिखलातून मागे चालत गेली. कार्ड वीस-पंचवीस पावलं मागे मिळालं, उपडं, चाकाची नक्षी उमटलेलं. तिनं ते कोटाच्या बाहीला पुसलं. 'नाही' स्पष्ट वाचता येत होतं. गाडीत बसल्यावर तिनं ते टोपीत खोचलं.

पुढच्या सदुसष्ट पेट्यांत कार्ड आलं नाही. शेवटची, दोनशे अठ्ठ्याऐंशी नंबरची पेटी ओनी केस्तीची. तिची झेंडी वर होती.

आत कार्ड नव्हतं. बंद पाकीट होतं, तिकीट लावलेलं, वर सुबक अक्षरात 'कप्तान, अग्निशमन दल'. पाकीट जाड होतं. आउनेनं ते उजेडाकडे धरलं नाही. झेंडी पाडली, पाकीट ट्रेमध्ये ठेवलं आणि अकरा मैल ते शेजारी घेऊन आली. त्या अकरा मैलांत तिनं मनातल्या मनात पोस्टाच्या खिडकीवर बसून बघितलं. समोर एकेक माणूस येत होता आणि आपल्या गुडघ्यांविषयी सांगत होता.

क्लेट पोस्टात वाट बघत उभा होता. डेलनं नऊ कार्डं मोजली. चिखलाच्या कार्डाकडे त्यानं जरा जास्त वेळ पाहिलं.

"याला काय झालं?"

"पडलं होतं."

"कुठे?"

"तुझा पाय गेला होता तिथून."

डेल तिच्या बुटांकडे बघत राहिला. दोन्ही बूट चिखलानं भरले होते, उजवासुद्धा. मग त्यानं पाकिटावर शिक्का मारला आणि क्लेटच्या हातात दिलं. क्लेटनं ते फाडलं. आत तीन पानं होती, आकड्यांनी भरलेली.

"हे 'नाही' आहे का?" डेलनं विचारलं.

"वाचू तर दे. ब्यूकचं वजन... ओल्ड्समोबिलचं वजन... दहा हिवाळ्यांत मिठानं खाल्लेला पत्रा, अंदाजे..." क्लेटनं पान उलटलं. "फरक त्रेसष्ट पौंड. 'ओल्ड्समोबिलच्या मागच्या भागात, उजवीकडे, त्रेसष्ट पौंड वाळू ठेवावी. भोकं बुजवावीत. तसं केल्यास माझी हरकत नाही.'" त्यानं पानं घडी केली. "खाली सही आणि तारीख. वेळसुद्धा."

"म्हणजे नऊच," डेल म्हणाला.

आउने टोपी काढून झटकत होती. "वाळू मी आणते," ती म्हणाली.

मंगळवारी सकाळी ट्रॅक्टरनं दोर ताणला. ब्यूक धुक्यातून काठाकडे आली, इंजिनाशिवाय, आवाजाशिवाय, चाकं हळूहळू फिरत असलेली. काठावरची माणसं बाजूला झाली. मग तीन दिवस आउने खिडकीवर बसली. अकरा जणांनी तिला गुडघ्यांविषयी सांगितलं, दोघांनी पाठीविषयी.

गुरुवारी संध्याकाळी ती गॅरेजमध्ये गेली. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, एकीचं काळीज दुसरीत गेलेलं. आर्वोनं दोन्हींची दारं उघडून ठेवली होती.

"हे बघ," तो म्हणाला.

ओल्ड्समोबिलच्या सीटला उजवीकडे खोल खड्डा पडला होता, कापड पांढरं झालेलं; डावी बाजू कोरी. ब्यूकमध्ये बरोबर उलटं. डावीकडे इडाचा खड्डा, लहानसा, नीटनेटका. उजवी बाजू अशी, की दुकानातून कालच आणली असावी. आठ वर्षांत इडाच्या शेजारी कोणी बसलं नव्हतं.

"सीट बदलून देऊ?" आर्वो म्हणाला. "चार बोल्टचं काम. तुझी तुझ्या अंगाला बसलीय."

आउने आत बसली. उजवीकडची सीट कडक होती, तिला जरा वर उचलून धरणारी. तिनं डावा पाय लांबवला. मधे काही आडवं आलं नाही. पाय पेडलपर्यंत सहज गेला.

"राहू दे," ती म्हणाली.

शुक्रवारी, एकतीस तारखेला, डेलनं ब्यूक तपासली. ब्रेकपाशी आल्यावर त्यानं आधी तळावर हातानं ठोकून बघितलं, मग पाय ठेवला. तक्त्यावर बरोबरची खूण केली आणि आत निघून गेला.

त्याच दुपारी ओल्ड्समोबिल, भोकं बुजवून आणि वाळू भरून, तळ्यावर नेली, आणि ती तिथे पंधरा दिवस उभी होती. रोज सकाळी एक्केचाळिसाव्या पेटीपाशी आउनेला ती दिसायची, काठाकडे तोंड केलेली, निळी, आणि दिवस वर येईल तसं तिच्याभोवतीचं बर्फ काळं होत जायचं. दुरून बघताना तिची नजर आधी उजवीकडच्या खिडकीकडे जायची. तिथे कोणी नसायचं.

पंधरा एप्रिलला, शनिवारी, ती पेटी बंद करत असताना तळ्यावरून एक आवाज आला, जड दार सावकाश लोटल्यासारखा. ओल्ड्समोबिलचं नाक खाली झालं. मग बराच वेळ काहीच झालं नाही. गाडी तशीच वाकून राहिली, पाणी प्यायला थांबलेल्या जनावरासारखी. मग मागची काच आकाशाकडे वळली, तिच्यात ढग आला, आणि ढगासकट ती खाली गेली. दोर ताठ झाला. आउनेनं घड्याळ पाहिलं: दहा बावीस. काठावरचं घड्याळ दहा एकोणीसला थांबलं होतं. तिचं नेहमीच तीन मिनिटं पुढे असायचं.

ओनी एक दिवस आणि साडेचार तासांनी चुकला. वाळू ओली असणार, तो म्हणाला. जिंकली क्लेटची मेहुणी. तिनं आपल्या कुत्रीचा वाढदिवस लावला होता.

आउनेकडे त्या सकाळी दोनशे सत्तेचाळीस पेट्या बाकी होत्या. तिनं गाडी चालू केली. इंजिनाचा आवाज जुनाच होता. तळ्यापुढे लगेच एक उजवं वळण आहे, आणि तिनं सवयीनं डावा कोपर ट्रेला टेकवला. ट्रे हलला नव्हता. तो इडाच्या खड्ड्यात नीट बसला होता. तिनं कोपर काढून घेतला.